कुत्रं आवाजाला घाबरतं, तेव्हा नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. ब्राउनी अडीच वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी संध्याकाळी फिरताना तिच्यापासून दहा-बारा फुटांवर मोठा फटाका फुटला. तेव्हापासून फटाके आणि ढगांचा गडगडाट तर सोडाच, हातातून ताटली पडली, दार आपटलं, रस्त्यावर एखाद्या मोटारसायकलने फटफट केली तरी ती पलंगाखाली जाते. संध्याकाळी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही पंधरा दिवस रोज मोबाइलवर फटाक्यांचे व्हिडिओ लावलेत. त्याचा परिणाम असा की आता तुम्ही मोबाइल हातात घेतला तरी ती खोलीबाहेर निघून जाते. आणखी कुणी बजावलंय की घाबरलेली असताना तिला जवळ घेऊ नका, भीती वाढते. हे सगळं सांगून तुम्ही विचारलंय, "हिला आवाजाची सवय कशी लावू?"

मी सतरा वर्षं कुत्र्यांना शिकवते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं घाबरलेल्या कुत्र्यांबरोबरच गेली. म्हणून आधी तुमच्या प्रश्नातल्या 'सवय' या शब्दापाशीच थांबते, कारण घोळ तिथेच आहे. फ्रिजच्या घरघरीची सवय होते. तो आवाज हळू असतो, एकसारखा असतो आणि त्यातून कधी काही निष्पन्न होत नाही. जो आवाज ऐकून एकदा काळजात धस्स झालंय, त्याचं उलटं होतं. तो पुन्हा ऐकला की भीती थोडी आणखी पक्की होते. याला आपल्याकडे 'धसका घेणं' असा नेमका शब्द आहे. धसका घेतलेल्या जिवाला तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवणं म्हणजे खपली धरू न देणं. तुमच्या पंधरा दिवसांत तेच झालं. यात तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि वरवर पटतोही.

ताटली आणि दार कुठून आलं, हेही यातूनच कळतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं कुत्र्याचं डोकं फटाक्याशी मिळताजुळता प्रत्येक अचानक आवाज धोक्याच्या खात्यात टाकतं. शंभरदा उगाच घाबरणं त्याला परवडतं, एकदा गाफील राहणं परवडत नाही. शिवाय एक दचका ओसरायच्या आत दुसरा आला की तो जास्त लागतो. एका संध्याकाळी तीन दचके बसले असतील, तर चौथ्यांदा चमचा पडला तरी ती थरथर कापेल. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा चमच्याला काय घाबरायचं? पण ती नुसत्या चमच्याला घाबरलेली नसते.

म्हणून प्रश्न मी असा मांडते: आवाज आल्यावर ब्राउनी लवकर सावरेल कशी? ती दचकणं पूर्ण बंद होणार नाही, आणि ते ध्येयही नव्हे. कान टवकारणं, मान वळवणं, एक पाऊल मागे घेणं हे कुठलंही धडधाकट कुत्रं करतं. दचकल्यानंतर दहा सेकंदांत ती पुन्हा हुंगायला लागते की दोन तास पलंगाखाली राहते, हे बघायचं. एक वही करा. तारीख, कुठला आवाज, आणि किती वेळाने तिने खाऊ घेतला, एवढंच लिहा. तीन महिन्यांनी "काही फरक नाही" असं वाटून हात गळतील, तेव्हा ही वहीच तुम्हाला खरं काय ते सांगेल.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. ब्राउनीच्या बाजूने मोठी गोष्ट अशी की तिची भीती एका प्रसंगातून आलेली आहे आणि त्याआधी दोन वर्षं ती बरी होती. पिल्लाचं जगाशी नातं साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जुळतं. त्या काळात ज्यांनी बंद खोलीपलीकडे काही पाहिलं-ऐकलं नाही, अशी कुत्री कायमची कच्ची राहू शकतात, आणि त्यांच्या मालकांना मी फार मोठी आशा दाखवत नाही. तुमचं तसं नाही. पण तुमच्या घराभोवती रोज किती आवाज होतो, घरात माणसं किती, तुमच्याकडे वेळ किती, ती खाण्याची कितपत शौकीन आहे, यावर वेग ठरेल. मी पाहिलेल्या अशा कुत्र्यांपैकी काही सहा आठवड्यांत सुधारली, काहींना वर्ष लागलं. आणि घाबरणारं कुत्रं असणं यात विशेष असं काही नाही. फिनलंडमध्ये तेरा हजार सातशे पाळीव कुत्र्यांची पाहणी झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत भीती-चिंतेच्या सगळ्या प्रकारांत आवाजाची भीती पहिली आली, ३२ टक्के. म्हणजे तीनातलं एक कुत्रं.

शिकवण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. ब्राउनीचं कारण उघड दिसत असलं तरी जा, कारण दुखणं आणि आवाजाची भीती यांचं नातं लोकांच्या लक्षात येत नाही. दचकलं की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात. कंबर, गुडघा किंवा मान आधीच दुखत असेल तर त्या क्षणी कळ येते, आणि कुत्र्याच्या लेखी 'आवाज झाला की दुखतं' असं समीकरण बसतं. ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणारी दहा दुखणाईत आणि दहा न दुखणारी कुत्री तपासली. दुखणाईत कुत्र्यांची भीती सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. वीसच कुत्री, म्हणजे अभ्यास छोटा, पण माझ्या अनुभवाशी तो तंतोतंत जुळतो. माझ्याकडे नऊ वर्षांचा एक कुत्रा आला होता. आयुष्यभर ढगांच्या गडगडाटात घोरत पडलेला, आणि अचानक खुर्ची सरकली तरी केविलवाणा व्हायचा. मी त्याला खाऊ देऊन बसवलं तर तो बसताना एक मागचा पाय बाजूला टाकायचा. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. दुखण्यावर औषध सुरू झाल्यावर माझं निम्मं काम आपोआप झालं. तर भीती उतारवयात सुरू झाली असेल, किंवा कारण सापडत नसेल, तर शिकवण्याच्या भानगडीत पडण्याआधी सांधे, कान आणि दात तपासून घ्यायचे.

जवळ घ्यायचं की नाही? घ्या. "भीतीला बक्षीस मिळतं" हा समज इतका खोलवर गेलाय की मला तो दर आठवड्याला कुणाच्या तरी डोक्यातून काढावा लागतो. उडी मारणं, भुंकणं, हात देणं ही वागणूक आहे, तिला बक्षीस दिलं की ती वाढते. भीती ही भावना आहे. अंधारात घाबरलेल्या पोराला कुशीत घेतलं म्हणून ते आणखी भित्रं होत नाही, तसंच हे. ती येऊन चिकटत असेल तर चिकटू द्या, हळू आवाजात बोला, छातीवरून सावकाश हात फिरवा. मात्र ती पलंगाखाली गेली असेल तर ओढून काढून कुशीत घेऊ नका. जवळ यायचं की लपायचं, हे तिने ठरवायचं. आणि तुम्हीच घाबरून "अगं बाई, काय झालं माझ्या बाळाला" असा सूर लावलात, तर तिला वाटेल खरंच काहीतरी झालंय. सूर रोजचा ठेवा.

इथे मला माझी एक चूक सांगितलीच पाहिजे. धंद्यात नवी होते तेव्हाची. राजा नावाचा लॅब्रेडॉर होता, पत्र्याच्या आवाजाला घाबरायचा. मी तेव्हा शिकले होते तसं केलं: डब्यात खडे घालून त्याच्याजवळ आपटायचा आणि तो प्रतिक्रिया देणं सोडेपर्यंत थांबायचं नाही. पहिले तीन दिवस तो पळायचा, कोपरे धरायचा. चौथ्या दिवशी आडवा पडून राहिला. मी डबा आपटला, तो हलला नाही. पुन्हा आपटला, हलला नाही. मी मालकांना सांगितलं, झालं काम. आज ते दृश्य आठवलं की दिसतं ते वेगळंच. हनुवटीखाली लाळेचं थारोळं. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय. नाकापासून दोन बोटांवर ठेवलेला खाऊ तसाच पडलेला. त्याची भीती तिळमात्र कमी झाली नव्हती. सुटका नाही हे त्याला उमगलं होतं, इतकंच. महिन्याभराने मोठा आवाज झाला तेव्हा तो जाळीचं दार फाडून पळाला, दुसऱ्या दिवशी सापडला. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवरच केलेल्या प्रयोगांतून या अवस्थेला नाव मिळालं, आपण तिला शिकलेली असहायता म्हणू. मी ते वाचलं राजानंतर. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून 'शांत पडलंय' आणि 'निवांत पडलंय' यातला फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघते: खातंय का? आणि खात असेल तर नेहमीसारखं हळुवार घेतंय, की बोटंही तोंडात जातील असं हिसकावतंय? हिसकावणंही ताणाचंच लक्षण.

आता पद्धत. तत्त्व जुनं आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचं खायला देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला, आणि ती भीती गेली. नंतर मानसोपचारात त्याची रीतसर पद्धत झाली. कुत्र्यांसाठी आपण करतो ते हेच. आवाज इतका हळू की तिला ऐकू यावा पण पोटात गोळा येऊ नये, आणि त्या आवाजामागून तिच्या सगळ्यात आवडीचा खाऊ.

'मागून' या शब्दाकडे जरा नीट बघा, कारण निम्मे लोक इथे चुकतात. आधी आवाज, मग खाऊ. तुम्ही आधी पिशवीत हात घातलात आणि मग आवाज लावलात, तर ती उलटंच शिकेल: पिशवीची चाहूल लागली की आता काहीतरी भयंकर होणार. मग ती खाऊलाही घाबरायला लागेल. अशी कुत्री मी पाहिली आहेत, खाऊची बरणी उघडली की पळणारी. तर खाऊ आधीच कुठेतरी उंचावर ठेवलेला, तुमचे हात रिकामे, तुम्ही साधं बसलेले. एक-दोन सेकंदांचा आवाज. तो थांबला की एक श्वास घ्या, मग हात उचला आणि एकामागून एक चार-पाच बारीक तुकडे द्या. पुन्हा सगळं शांत. पुढचा आवाज कधी एका मिनिटाने, कधी तीन मिनिटांनी, तिला ठेका सापडणार नाही असा. एका बैठकीत सहा-सात वेळा, पाच ते दहा मिनिटांत खेळ खलास. दिवसातून एकदा पुष्कळ झालं. आणि हा खास खाऊ या कामाशिवाय दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही, नाहीतर त्याचं मोल राहत नाही.

व्हॉल्यूम कधी वाढवायचा, हे दिवस मोजून ठरवू नका, तिच्या तोंडाकडे बघून ठरवा. माझ्याकडे ड्रिलच्या आवाजाला घाबरणारी एक कुत्री होती. नऊ दिवस आम्ही स्पीकरच्या तिसऱ्या खुणेवरच अडकलो होतो. आवाज आला की तिचा डावा कान स्पीकरकडे वळायचा, ओठांवरून जीभ फिरायची, मग ती खाऊ घ्यायची. खात होती, पण त्या जिभेमुळे मी पुढे जात नव्हते. दहाव्या दिवशी आवाज आला, कान वळला, आणि लगेच अख्खी मान माझ्याकडे. भुवया वर, शेपटीचं टोक हलतंय, जणू विचारतेय, "हं, कुठाय माझं?" ही नजर दिसली, म्हणजे आवाजाचा अर्थ बदलला. ही नजर सलग दोन बैठकांत पाच-सहा वेळा मिळाली की एक खूण वर. आणि वर गेल्यावर ती ताठली, जांभया देऊ लागली किंवा खाऊ नको म्हणाली, तर दोन खुणा खाली. त्यात कमीपणा मानू नका. मी आजही दर दुसऱ्या कुत्र्याबरोबर मागे येते.

तुमच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे, खुद्द मोबाइल बदनाम झालाय. आधी त्याचं नाव साफ करा. दोन-तीन दिवस कसलाही आवाज न लावता मोबाइल उचलायचा, खाऊ द्यायचा, मोबाइल खाली ठेवायचा. बस. ती पुन्हा मोबाइलकडे निर्विकार बघायला लागली की पुढे. प्रत्यक्ष आवाजासाठी वेगळा स्पीकर घ्या आणि सुरुवातीला तो शेजारच्या खोलीत, दार लोटून ठेवा. फटाक्यांपासून सुरू करू नका. चमचा गालिच्यावर पडल्याचा किंवा दुसऱ्या खोलीतलं दार हळूच लागल्याचा आवाज घ्या, मग ताटली, आणि फटाके सगळ्यात शेवटी.

रेकॉर्डिंगची मर्यादाही ध्यानात असू द्या. कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला जेमतेम वीस हजार. रेकॉर्डिंग माणसाच्या कानासाठी केलेली असतात, त्यात वरचा भाग नसतोच. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा घुमणारा आवाजही निघत नाही. वादळाचं तर विचारूच नका. त्यात वीज चमकते, वारा सुटतो, हवेचा दाब बदलतो, खिडक्या थरथरतात, आणि यातलं काही कुत्र्याला आपल्याआधी कळू शकतं. त्यामुळे स्पीकरवर पास झालेलं कुत्रं खऱ्या गडगडाटात नापास होऊ शकतं. सराव फुकट जात नाही, पण तेवढ्यावर विसंबूनही राहता येत नाही.

म्हणूनच मला दुसरा, अगदी साधा उपाय जास्त आवडतो. घरात खराखुरा कुठलाही अचानक आवाज झाला, की त्यामागून खाऊचा पाऊस. ताटली पडली? वा! पाच तुकडे. दार आपटलं? पाच तुकडे. ती दचकली तरी, भुंकली तरी, काही न करता बसली तरी. तिने काय केलं हे बघायचंच नाही, आवाज झाला एवढंच पुरे. खाऊच्या छोट्या डब्या प्रत्येक खोलीत, तिला न मिळेल अशा जागी ठेवा, म्हणजे शोधाशोधीत अर्धं मिनिट जाणार नाही. घरातल्या सगळ्यांनी हे केलं पाहिजे. स्टेफानी रीमर या संशोधिकेने फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या १,२२५ मालकांना कशाचा उपयोग झाला ते विचारलं, ती पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. आवाजामागून खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी फायदा झाल्याचं सांगितलं. रेकॉर्डिंगवर सराव करणाऱ्यांत तो आकडा ५५ टक्के होता. ही मालकांची मतं आहेत, प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, हे मान्य. पण ज्याला पैसा लागत नाही आणि ज्यात धोका जवळपास नाही, असा उपाय सगळ्यात वर यावा, हे मला फार बोलकं वाटतं.

त्याच पाहणीत निवांत बसायला शिकवण्याचा गुण ६९ टक्के लोकांना आला होता. ते असं: एक सतरंजी ठरवा. रोज शांत वेळी तिला तिच्यावर बसवा, आणि हनुवटी खाली टेकली, एका कुल्ल्यावर कलंडली, लांब सुस्कारा सोडला, की हळूच पंजांमध्ये एक तुकडा ठेवा. बोलू नका, शाबासकी देऊ नका, नाहीतर ती उठून नाचेल. काही आठवड्यांत सतरंजी अंथरली की अंग सैल सोडायचं, हे तिच्या अंगवळणी पडतं. मग ती सतरंजी कुठेही नेता येते.

औषधाविषयी लोक बिचकत विचारतात, म्हणून मोकळेपणाने सांगते. कुत्रं आवाजानंतर तास-दोन तास खात नसेल, दार-खिडकी ओरबाडत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर शिकवणं पोचतच नाही. गटांगळ्या खाणाऱ्याला काठावरून पोहण्याचे धडे देऊन काय उपयोग? अशा वेळी औषध म्हणजे हार नाही, शिकण्यासाठी मिळालेली उसंत आहे. रीमर यांच्या पाहणीत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा आकडाही ७० टक्क्यांच्या आसपासच होता. ऐनवेळी द्यायची औषधं वेगळी आणि रोजची वेगळी. ऐनवेळच्या औषधांत ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही नावं डॉक्टरांकडून ऐकायला मिळतील. हिरडीला लावायचं डेक्समेडेटोमिडिनचं जेल खास आवाजाच्या भीतीसाठी अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन रोज द्यावं लागतं आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून फटाक्यांच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे धावून उपयोग नाही. कुठलं, किती, हे तेच ठरवतील. तुमच्या घरातली माणसांची गोळी अर्धी करून देण्याचा प्रयोग कृपा करून करू नका. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: पहिला डोस एखाद्या शांत दिवशी देऊन बघा, आणि ऐनवेळचं औषध आवाज सुरू व्हायच्या आधी द्या. भीती चढल्यावर दिलेलं औषध फार कमी काम करतं. आणि कुणी नुसतं एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध सुचवलं तर थांबून प्रश्न विचारा. त्याने अंग जड होतं, भीती मात्र आत तशीच राहू शकते, आवाज आणखी टोचूही शकतो. माझ्या राजाचीच गत, गोळीच्या रूपात.

अंगाला घट्ट बसणारी जॅकेटं, सुगंधी फवारे, वनस्पतींची थेंब-औषधं यांवर थोडक्यात: रीमर यांच्याच पाहणीत जॅकेटचा ४४ टक्के लोकांना फायदा वाटला. घालताना ती आनंदाने येत असेल तर घाला. घातल्यावर पुतळ्यासारखी उभी राहत असेल तर काढा, ते निवांतपण नव्हे. फवारे आणि थेंब २७ ते ३५ टक्क्यांत घुटमळले. नुसत्या मनाच्या समजुतीनेही एवढा फरक वाटतो. मी त्यावर पैसे घालत नाही.

आतापर्यंत बोलले ते शांत दिवसांचं. गोंगाट होणार हे आधी माहीत असतं, तो दिवस शिकवण्याचा नसतोच, तो फक्त निभावून न्यायचा. हे दोन दिवस एकत्र केले की महिन्याची कमाई एका रात्रीत जाते. तिला मोठं फिरवणं आणि शी-शू दिवसाउजेडी उरका. घरातली सगळ्यात आतली, कमी खिडक्यांची खोली निवडा, पडदे ओढा, पंखा चालू करा, खालचा घुमणारा सूर असलेलं संगीत लावा म्हणजे बाहेरचे धमाके त्यात बुडतील. ती पलंगाखाली जाते ना, मग तिथेच गोधडी घाला आणि पाण्याचं भांडं जवळ ठेवा. जागा तिने निवडलीय, ती बदलू नका, आणि खोलीचं दार बंद करून तिला कोंडूही नका. चाटायला, चघळायला काहीतरी द्या. घेतलं तर उत्तम, नाही घेतलं तर राहू द्या. घराचं मुख्य दार मात्र दोनदा तपासा. अशा रात्री कुत्री हरवतात ती बहुतेक उघड्या दारातून किंवा गळ्यातून निसटलेल्या पट्ट्यामुळे. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा चालू फोन नंबर हवा, मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतही. बाहेर न्यावंच लागलं तर हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना दोरी अडकवा.

राहिली संध्याकाळची फेरी. तिला ओढून नेऊ नका, आणि दारात उभं राहून खाऊचं आमिषही दाखवू नका. आमिषामागे चार पावलं येईल, मग बाहेर असल्याचं भान येऊन गोठेल, आणि पुढच्या वेळी आमिषावरचाही विश्वास जाईल. सध्या फेरीची वेळच बदला, पहाटे किंवा दुपारी, जेव्हा रस्ता झोपलेला असतो. जिथे फटाका फुटला तो रस्ता दोन महिने सोडून द्या. लांब दोरी लावा आणि तिला हवं तिथे, हवं तेवढं हुंगू द्या. हुंगणारं कुत्रं सहसा सावरत असतं, आणि ते मुद्दाम करवून घेता येत नाही, म्हणून माझा त्यावर भरवसा आहे. गवतात तिचंच रोजचं खाणं मूठभर विखरा आणि वेचू द्या.

पहाटेची फेरी आठ-दहा दिवस मजेत झाली की वेळ थोडी थोडी संध्याकाळकडे सरकवा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. एखाद्या दिवशी ती फाटकापाशी येऊन थांबेल, कान मागे जातील, वजन मागच्या पायांवर येईल. तेव्हा तुम्हीही थांबा. दोरी सैल सोडा, खाली बसा, तिला रस्ता ऐकू द्या. लांबून एखादी मोटारसायकल गेली तर पाच तुकडे. पाच मिनिटं झाली की घरी या, आणि त्या दिवशीची फेरी झाली असं वहीत लिहा.